पेडिग्री म्हणजे नक्की काय? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांमधे एकच शब्द सारखा समोर येत होता, पेडिग्री. कोणाला कुत्र्याचं पिल्लू घ्यायचंय, कोणी घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन आहे, कोणाची बारावीची परीक्षा आहे, आणि एकांनी तर ऑफिसच्या मीटिंगमधे कानावर पडला म्हणून विचारलंय. शब्द एकच पण प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा, आणि त्यातून गैरसमजही बरेच झालेले दिसले, म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देतेय.

प्रश्न: नमस्कार ताई, पेडिग्री हा शब्द मूळचा प्राण्यांसाठीचाच आहे का? डिक्शनरीत वंशावळ असा अर्थ दिलाय, पण कुत्र्याच्या खाद्याच्या पाकिटावर पण हेच नाव असतं, त्यामुळे आमच्या मुलांना वाटतं पेडिग्री म्हणजे कुत्र्याचं खाणं.

उत्तर: मुलांचं काही चुकत नाही, तो ब्रँड इतका पसरलाय की पुष्कळ जण हा शब्द पहिल्यांदा पाकिटावरच वाचतात. पण शब्द मूळचा प्राण्यांचा नाही, माणसांचा आहे. पंधराव्या शतकाच्या सुमाराला तो फ्रेंचमधून इंग्लिशमधे आला, आणि फ्रेंचमधे त्याचा अर्थ होता क्रौंच पक्ष्याचा पाय. जुन्या वंशावळींच्या कागदावर आईबापांच्या नावाखालून मुलांच्या नावांकडे ज्या रेषा काढायचे त्या तीन बोटांसारख्या फाटलेल्या असायच्या, ती खूण क्रौंचाच्या पायासारखी दिसते म्हणून त्या खुणेचं नाव ते, आणि मग हळूहळू अख्ख्या कागदालाच ते नाव पडलं. सरदार घराण्यांना जमीन आणि पदवी कोणाकडे जाणार हे सिद्ध करायला असे कागद लागायचे. घोडे, गुरं, कुत्री हे सगळं त्यानंतरचं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की शब्दाचा गाभा 'नोंद' हा आहे. भारी, महाग, शुद्ध हे अर्थ त्याला नंतर चिकटले. पूर्वज तर प्रत्येक प्राण्याला असतात, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही तितकेच असतात जितके शोमधे पहिला आलेल्या कुत्र्याला, फरक इतकाच की एकाचे कोणीतरी पिढ्यानपिढ्या लिहून ठेवलेत आणि दुसऱ्याचे नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांमधे मी याच मुद्द्यावर परत येणार आहे कारण सगळे घोळ तिथेच होतात.

प्रश्न: माझ्यात आणि भावात वाद चाललाय. तो म्हणतो पेडिग्री, प्युअरब्रेड आणि थरोब्रेड सगळं एकच, मी म्हणते वेगळं आहे पण मला नीट समजावता येत नाहीये.

उत्तर: तुमचं बरोबर आहे. ब्रीड म्हणजे जात, एकसारखे दिसणारे आणि ज्यांची पिल्लंही तशीच निपजतात अशा प्राण्यांचा गट. पेडिग्री मात्र एकेका प्राण्याची असते, त्याचे आईबाप कोण, त्यांचे आईबाप कोण, असं मागे मागे जाणारं. प्युअरब्रेड म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच जातीचा. आणि थरोब्रेड ही घोड्यांची एक ठरावीक जात आहे, शर्यतीच्या घोड्यांची, जशी अरबी घोडा ही एक जात तशी ही एक. मराठीत आपण जातिवंत म्हणतो ना, त्या अर्थाने लोक 'थरोब्रेड लॅब्रॅडॉर' म्हणून टाकतात आणि बोलताना ते चालूनही जातं, पण घोडेवाल्यांपुढे म्हटलंत तर ते लगेच दुरुस्त करतील.

आता गंमत अशी की प्युअरब्रेड असूनही पेडिग्री नसू शकते, म्हणजे कुत्रा दोन्ही बाजूंनी जर्मन शेफर्डच आहे पण कोणी नोंदच केली नाही. आणि उलटंही होतं, संकरित प्राण्याची पेडिग्री व्यवस्थित लिहिलेली असू शकते. लॅब्रॅडॉर आणि पूडल यांच्या संकरातून आलेला लॅब्राडूडल घ्या, ऑस्ट्रेलियात गाइड डॉग म्हणून त्याची पैदास झाली तेव्हा आईबाप दोघंही कोण ते पक्कं माहीत होतं. दोन माहीत असलेल्या जातींचा असेल तर क्रॉसब्रीड म्हणतात, आणि काय काय मिसळलंय कोणालाच माहीत नाही त्याला इंग्लिशमधे माँग्रल म्हणायचे, पण त्या शब्दात हेटाळणी आहे, मिक्स्ड ब्रीड म्हणावं, मी तरी तेच म्हणते.

भावाला अजून एक गोष्ट सांगा. या नोंदी सुरू का झाल्या तर लबाडी थांबवायला. इंग्लंडमधे अठराव्या शतकात शर्यतीच्या घोड्यांच्या खोट्यानाट्या वंशावळी सर्रास फिरायला लागल्या होत्या, त्याला आळा घालायला १७९१ मधे जेम्स वेदरबी यांनी जनरल स्टड बुकची पहिली आवृत्ती काढली आणि ते पुस्तक आजही चालू आहे. त्याच काळात रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी मेंढ्या आणि गुरं अगदी ठरवून, जवळच्या नात्यात जुगवून नव्या जाती घडवत होता, पण तो आपली पद्धत कोणाला सांगायचा नाही. गाईबैलांचं पहिलं हर्ड बुक १८२२ चं, शॉर्टहॉर्न जातीचं, जॉर्ज कोट्स यांनी केलेलं. कुत्र्यांचा नंबर बराच उशिरा लागला. पहिला डॉग शो १८५९ मधे न्यूकॅसलला झाला, कुत्र्यांच्या नोंदी ठेवणारी केनेल क्लब ही संस्था १८७३ मधे निघाली आणि तिचं पहिलं स्टड बुक, म्हणजे वंशावळींचं नोंदपुस्तक, १८७४ चं. म्हणजे ज्या जातींना आपण पुरातन वगैरे समजतो त्यातल्या पुष्कळशा जातींची लेखी नोंद जेमतेम दीडशे वर्षांची आहे, त्याआधी कामाप्रमाणे कुत्री होती, मेंढ्या राखणारी, शिकारीची, आणि काम नीट करतो की नाही हेच बघायचे, बाप कोण हे दुय्यम.

प्रश्न: मी रेसिंगची माहिती वाचतो त्यात घोड्याच्या नावापुढे अमुक 'बाय' अमुक, 'आउट ऑफ' अमुक असं असतं. आणि एकाच बापाचे दोन घोडे असूनही त्यांना हाफ ब्रदर म्हणत नाहीत, असं का?

उत्तर: बाय म्हणजे बाप, आउट ऑफ म्हणजे आई. घोड्यांमधे बापाला सायर आणि आईला डॅम म्हणतात, आणि पेडिग्रीच्या तक्त्यात बापाची बाजू वर, आईची बाजू खाली असते, हे एकदा लक्षात ठेवलं की कुठलाही तक्ता वाचता येतो.

हाफ ब्रदरचं कारण आकड्यांत आहे. नामांकित घोड्याला एका वर्षात शंभरच्या वर शिंगरं होऊ शकतात, घोडीला वर्षाला एकच. बाप एक म्हणून भाऊ म्हणायला लागलो तर हजारो भाऊ होतील आणि शब्दाला काही अर्थच उरणार नाही, म्हणून आई एक असेल तरच हाफ ब्रदर म्हणायचं असा रिवाज आहे. थरोब्रेडमधे कृत्रिम रेतन चालत नाही हेही जाता जाता सांगते, घोडा आणि घोडी यांचा प्रत्यक्ष संयोग झाला असेल तरच शिंगराची नोंद होते.

तुम्ही वाचता त्या माहितीत तीन मूळ घोड्यांची नावं येत असतील, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आजच्या प्रत्येक थरोब्रेडचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप असं मागे गेलं की या तिघांपैकीच एकापाशी पोचतो, आणि त्यातही साधारण ९५ टक्के डार्ली अरेबियनपाशी, ते सुद्धा त्याच्या वंशातल्या एक्लिप्सच्या मार्फत. हा एक्लिप्स १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी जन्मला म्हणून त्याचं हे नाव, १८ शर्यती पळाला आणि एकही हरला नाही. पण यावर कोणी भाव खाऊन सांगायला लागलं की या घोड्यात एक्लिप्सचं रक्त आहे तर तेवढ्याने हुरळून जाऊ नका, ते जवळजवळ सगळ्यांतच आहे. नुसतं दहा पिढ्या मागे गेलं तरी त्या एका ओळीत १,०२४ जागा असतात आणि तुम्ही बोट ठेवलेलं नाव त्यातली एक जागा. आई आणि आजोबा, पणजोबा काय ताकदीचे होते ते बघा, त्यातून जास्त कळतं.

प्रश्न: ताई, कुत्र्याचं पिल्लू घेतोय. विकणारा म्हणतो की पेडिग्री पेपर असलेलं पिल्लू घ्या, ते निरोगी असतं, चॅम्पियनच्या वंशातलं आहे. पेपर दाखवले पण आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. नेमकं काय बघायचं?

उत्तर: हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, कारण इथेच लोक फसतात. पेपर म्हणजे निरोगीपणाची गॅरंटी नाही. अमेरिकन केनेल क्लबसारखी संस्था स्वतःच सांगते की आमचं सर्टिफिकेट हे पिल्लू कोणाचं एवढंच सांगतं, त्याच्या दर्जाबद्दल किंवा तब्येतीबद्दल नाही. म्हणजे जी संस्था कागद देते ती जे म्हणत नाहीये ते विकणारा म्हणतोय.

कागद हातात आला की आधी बघा की तो खरंच याच पिल्लाचा आहे का. पिल्लाच्या कातडीखाली मायक्रोचिप असते तिचा नंबर १५ आकडी असतो, तो स्कॅनरवर दिसतो, आणि कागदावरचा नंबर त्याच्याशी जुळला पाहिजे. चिपच नसेल तर कागद या पिल्लाचा की त्याच्या चुलतभावाचा हे कोणीच सांगू शकत नाही. मग नोंदणी कुठल्या संस्थेची आहे ते बघा, कारण सुंदर बॉर्डर आणि सोनेरी शिक्का असलेला कागद कोणीही छापू शकतं. त्या संस्थेकडे नंबर देऊन विचारता येतं, विचाराच.

मग नावं. तीन पिढ्यांच्या तक्त्यात १४ नावं असतात, चार पिढ्यांच्या तक्त्यात ३० आणि पाच पिढ्यांच्या ६२. नावाआधी सीएच असं लिहिलेलं असेल तर तो चॅम्पियन, बऱ्याच कागदांवर ते लाल अक्षरात असतं आणि नजर तिकडेच जाते, विकणारा पण तिकडेच बोट दाखवतो. पण चॅम्पियन म्हणजे शोच्या रिंगमधे त्या जातीच्या ठरलेल्या वर्णनाशी जास्त जुळणारा, रचना, चाल, डोकं, केस, शेपूट वगैरे. त्याचं हृदय कसं होतं, किती वर्षं जगला, हे त्या दोन अक्षरांतून कळत नाही. आणि पणजोबा चॅम्पियन असेल तर त्याच्याकडून तुमच्या पिल्लापर्यंत सरासरी आठवा हिस्सा आला, सात हिस्से बाकीच्यांचे.

मी तुमच्या जागी असते तर लाल अक्षरं सोडून दोन गोष्टी मागितल्या असत्या. एक म्हणजे आईबापांच्या तपासण्यांचे रिपोर्ट. मोठ्या जातींमधे खुब्याच्या सांध्याचा त्रास आनुवंशिक असतो, त्याचा एक्सरे काढून गुण देतात, ब्रिटनच्या पद्धतीत दोन्ही खुब्यांचे मिळून शून्य ते १०६ आणि गुण जितके कमी तितकं चांगलं. डोळ्यांची तपासणी, हृदयाची तपासणी, त्या जातीत जे आजार नेहमी दिसतात त्यांच्या डीएनए टेस्ट, हे सगळं नीट पैदास करणाऱ्याकडे तयार असतं आणि तो ते आनंदाने दाखवतो, उलट तोच तुम्हाला दहा प्रश्न विचारतो की घरी कोण असतं, कुत्र्याला वेळ कोण देणार. दुसरी गोष्ट म्हणजे पिल्लाची आई प्रत्यक्ष बघायची. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर कागद कितीही भारी असो, तिथून निघा.

आणि तक्त्यात एकच नाव दोनदा किंवा तीनदा येतंय का ते शोधा. याबद्दल वेगळा प्रश्न आलाय, तिथे सविस्तर लिहिते.

प्रश्न: आमच्या कुत्रीच्या पेडिग्रीमधे एकच कुत्रा बापाच्या बाजूलाही आहे आणि आईच्या बाजूलाही. ही प्रिंटिंगची चूक आहे की मुद्दाम केलेलं असतं? आणि ते वाईट असतं का?

उत्तर: चूक नसते, मुद्दाम केलेलं असतं. एखाद्या कुत्र्यात फार चांगले गुण दिसले की ते पक्के व्हावेत म्हणून त्याच्याच वंशातले नर आणि मादी जुगवतात. लांबच्या नात्यात केलं तर लाइन ब्रीडिंग म्हणतात, जवळच्या नात्यात केलं तर इनब्रीडिंग, पण खरं सांगायचं तर दोन्ही एकच, फक्त कमीजास्त.

किती जवळचं ते मोजायची रीत आहे, स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ मधे दिलेली, आणि ती घरी बसून करता येण्याइतकी सोपी आहे. दोन्ही बाजूंना असलेलं नाव घ्या. तुमच्या कुत्रीच्या बापापासून त्या नावापर्यंत किती पायऱ्या आणि आईपासून किती पायऱ्या ते मोजून बेरीज करा, त्यात एक मिळवा, आणि जो आकडा येईल तितक्या वेळा एकाचं अर्धं करत जा. समजा दोन्हीकडचा आजोबा एकच आहे, तर एक अधिक एक अधिक एक तीन, तीन वेळा अर्धं केलं की आठवा भाग, म्हणजे साडेबारा टक्के. तोच कुत्रा दोन्हीकडून पणजोबा असेल तर पाच वेळा अर्धं, म्हणजे तीन टक्क्यांच्या किंचित वर. सख्ख्या भावाबहिणीची पिल्लं असतील तर आकडा २५ टक्के येतो कारण तिथे आजोबा आणि आजी दोघंही तेच. एकापेक्षा जास्त नावं परत येत असतील तर प्रत्येकाचं वेगळं काढून बेरीज करायची. फक्त हे लक्षात ठेवा की तीन पिढ्यांचाच कागद असेल तर आकडा कमी दिसणारच, मागच्या पिढ्यांमधलं नातं त्यात येतच नाही.

वाईट का, तर प्रत्येक जिवात काही बिघडलेली जनुकं लपलेली असतात, दुसरी प्रत चांगली असते म्हणून त्रास होत नाही. आईबाप एकाच पूर्वजाचे असले की तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून यायची शक्यता वाढते, आणि मग आजार उघडा पडतो. हे माणसांनाही चुकलं नाही, स्पेनचा राजा दुसरा कार्लोस १७०० मधे वारसाशिवाय वारला आणि ते राजघराणं तिथे संपलं, पुढे संशोधकांनी त्याच्या वंशावळीवरून हिशोब केला तर आकडा आला २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे भावाबहिणीच्या मुलाइतका, जरी त्याचे आईबाप मामा-भाची होते तरी, कारण मागच्या कित्येक पिढ्या लग्नं नात्यातच होत आली होती.

गाईंमधलं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. होल्स्टीन जातीचा एक वळू होता, पॉनी फार्म अर्लिंडा चीफ, जन्म १९६२ चा. त्याच्या मुली इतकं दूध द्यायच्या की त्याच्या रेतनाला प्रचंड मागणी आली, त्याला १६,००० मुली झाल्या, आणि नातवंडं-पतवंडं धरून आज अमेरिकेतल्या होल्स्टीनच्या जनुकांत त्याचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास आहे. पण त्याच्यात एक बिघडलेलं जनुक होतं, ते दोन्हीकडून आलं की वासरू पोटातच मरतं. बाहेरून काहीच दिसायचं नाही, गाय फळली नाही असंच वाटायचं. कारण हाताला लागेपर्यंत जगभरात अंदाजे पाच लाख गर्भ गेले होते आणि नुकसान ४२ कोटी डॉलर धरलं गेलं. त्याच्यामुळे वाढलेल्या दुधाची किंमत याच्या कितीतरी पट आहे म्हणून धंद्याच्या हिशोबात तो फायद्याचाच ठरला, पण कागदावर सगळ्यात चमकणारं नाव तेच सगळ्यात मोठं दुखणं पसरवत होतं हे विसरता येत नाही. आता या जनुकाची टेस्ट आहे आणि दोन वाहक एकमेकांशी जुगवत नाहीत, म्हणजे उपाय पण नोंदीतूनच आला.

कुत्र्यांबद्दल २००८ मधे बीबीसीने माहितीपट दाखवला, त्यावरून खूप गदारोळ झाला, आणि २००९ पासून ब्रिटनच्या केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्ख्या भावाबहिणीच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. हे शंभर वर्षं आधी व्हायला हवं होतं असं माझं मत आहे.

एक चांगली गोष्टही सांगते. डाल्मेशियन जातीच्या सगळ्याच कुत्र्यांत युरिक अ‍ॅसिड वाढवणारा दोष होता, त्यामुळे मूतखडे व्हायचे, आणि जातीत कोणाकडेच चांगली प्रत नसल्यामुळे जातीतल्या जातीत कितीही निवड केली तरी दोष जाणं शक्यच नव्हतं. १९७३ मधे एका अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने एकदाच पॉइंटर जातीचा कुत्रा आणून संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत परत डाल्मेशियनशीच जुगवत गेला, फक्त ती चांगली प्रत राखून. ठिपके तेच, चाल तीच, आणि दोष नाही. तरी वर्षानुवर्षं हे कुत्रे शुद्ध नाहीत म्हणून त्यांना नोंद मिळत नव्हती, अमेरिकन केनेल क्लबने २०११ मधे शेवटी ती दिली. कितीतरी पिढ्या मागे एक पॉइंटर होता म्हणून दुखणं असलेला कुत्रा शुद्ध आणि बरा असलेला अशुद्ध, हे मला कधीच पटलं नाही.

तुमच्या कुत्रीबद्दल म्हणाल तर ती मजेत असेल तर घाबरू नका. आकडा म्हणजे आजार नाही, धोका. फक्त तिची पिल्लं घ्यायचा विचार असेल तर नर असा निवडा की ज्याच्या कागदात ते परत आलेलं नाव नाही.

प्रश्न: ताई मी बारावीला आहे. पेडिग्री चार्टमधे चौकोन गोल सगळं पाठ केलंय पण प्रश्नात चार्ट दिला की आजार कुठल्या प्रकारचा ते ओळखता येत नाही.

उत्तर: पाठ केलंयस ते उपयोगी पडेलच. चौकोन पुरुष, गोल स्त्री, रंगवलेला म्हणजे आजार असलेला, आडवी रेष जोडप्याची, दुहेरी रेष म्हणजे जोडपं नात्यातलं, तिरका काट मारलेला म्हणजे वारलेला, आणि बाण ज्याच्यावर आहे त्याच्यापासून चौकशी सुरू झाली. आता चार्ट आला की एकदम उत्तर शोधू नकोस, आधी बघ की निरोगी आईबापांचं मूल रंगवलेलं आहे का. असेल तर बहुतेक अप्रभावी, कारण दोघांत लपलेलं होतं. प्रत्येक पिढीत दिसतंय आणि प्रत्येक रंगवलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी रंगवलेला आहे, तर प्रभावी. मग स्त्री-पुरुष मोज. बहुतेक पुरुषच रंगवलेले आणि ते सगळे न रंगवलेल्या आयांचे मुलगे, तर एक्स गुणसूत्रावरचं अप्रभावी. पण कुठे बापाकडून मुलाकडे गेलंय असं वाटलं तर थांब, बाप मुलाला वाय देतो, एक्स देत नाही, म्हणून त्या मुलाला ते आईकडून आलं असेल तरच तुझं उत्तर टिकतं.

सरावाला राणी व्हिक्टोरियाच्या घराण्याचा चार्ट घे, जगात सगळ्यात जास्त शिकवला जाणारा असावा. तिला नऊ मुलं, त्यातल्या लिओपोल्डला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार होता, अ‍ॅलिस आणि बिअट्रिस या मुली वाहक होत्या, आणि अ‍ॅलिसच्या मुलीकडून तो रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सी याच्यापर्यंत पोचला. २००९ मधे त्या कुटुंबाच्या अवशेषांमधल्या डीएनएवरून कळलं की तो हिमोफिलिया बी होता. चार्ट स्वतः काढ, रंगव, एका संध्याकाळी सगळं डोक्यात बसेल.

प्रश्न: मीटिंगमधे साहेब म्हणाले की उमेदवाराची पेडिग्री स्ट्राँग आहे. माणसाला हा शब्द वापरणं बरोबर आहे का? मला ते खटकलं.

उत्तर: इंग्लिशमधे चालतं. मोठ्या कॉलेजात शिकला, नावाजलेल्या कंपनीत होता, चांगल्या गुरूच्या हाताखाली तयार झाला, अशा अर्थाने म्हणतात आणि त्यात अपमान नसतो. कंपनीची पेडिग्री, एखाद्या कल्पनेची पेडिग्री असंही म्हणतात, म्हणजे कुठून कुठून आली. अमेरिकेत औषधांच्या बाबतीतही हा शब्द आहे, औषध कारखान्यातून निघून कोणाकोणाच्या हातातून दुकानापर्यंत आलं त्याच्या नोंदीला ड्रग पेडिग्री म्हणतात, नकली माल पकडायला. तिथले पोलीसही पकडलेल्या माणसाचं नाव, पत्ता, जन्मतारीख या माहितीला पेडिग्री म्हणतात. सगळीकडे तोच गाभा, कुठून आला त्याची नोंद.

तरी तुम्हाला खटकलं ते मला समजतं. युजेनिक्स म्हणजे जनावरांसारखी माणसांचीही निवडून पैदास व्हावी हा विचार. अमेरिकेत १९१० ते १९३९ युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस नावाची संस्था होती, तिने घरोघर माणसं पाठवून कुटुंबांच्या पेडिग्री गोळा केल्या आणि त्यात गरिबी, दारू, मतिमंदपणा, गुन्हे अशा गोष्टी जणू रक्तातून येतात अशा खुणा केल्या. वर बारावीच्या मुलीला जो चार्ट समजावला तोच चार्ट. त्याच विचाराच्या जोरावर सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले आणि १९२७ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवले, हजारो लोकांना त्याची शिक्षा भोगावी लागली. म्हणून माणसाच्या बाबतीत मी हा शब्द टाळते. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये असं आपल्याकडे म्हणतात ते इथे अगदी लागू पडतं. उमेदवाराने काय काम केलं ते सांगायचं असेल तर ट्रॅक रेकॉर्ड म्हणावं, ते त्याचं स्वतःचं असतं.

प्रश्न: बियाण्यांमधे पेडिग्री मेथड म्हणतात ती काय?

उत्तर: दोन वाणांचा संकर करून दुसऱ्या पिढीत चांगली चांगली झाडं एकेक करून निवडायची, प्रत्येकाचं बी वेगळं ठेवायचं, वेगळ्या ओळीत पेरायचं, आणि कुठली ओळ कुठल्या झाडापासून आली ते पुढच्या पाच-सहा पिढ्या लिहीत जायचं. गहू, भात अशा स्वतःच्याच परागांनी फळणाऱ्या पिकांत ही पद्धत चालते. कष्टाची आहे, वही चुकली की सगळं गेलं.

प्रश्न: आमचा कुत्रा दत्तक घेतलेला आहे, मिक्स्ड ब्रीड. डीएनए टेस्ट करून त्याची पेडिग्री काढता येईल का? त्याचा स्वभाव पण त्यावरून कळेल असं एकाने सांगितलं.

उत्तर: पेडिग्री नाही मिळणार. टेस्टमधून कुठल्या जातींचा अंश किती असावा याचा अंदाज येतो, पण आईबापांची नावं येत नाहीत, आणि पेडिग्री म्हणजे नावं. आजारांची जनुकं तपासून मिळत असतील तर मात्र टेस्ट जरूर करा, त्याचा डॉक्टरांना उपयोग होतो.

स्वभावाबद्दल ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐकू नका. २०२२ मधे अमेरिकेत १८,००० हून जास्त कुत्र्यांची माहिती घेऊन एक मोठा अभ्यास झाला, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता आला. आज्ञा ऐकणं वगैरे गोष्टींत जातीचा थोडा जास्त हात दिसतो, पण चिडका की शांत हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर राहताय, तो कशाला घाबरतो, कोणाजवळ जाऊन झोपतो, अनोळखी माणूस आला की काय करतो, हे एका वहीत लिहायला लागा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या.